सोडमुंज नसलेली मुंज : सॅम्युअल हाइन्सचं 'फ्लाइट्स ऑफ पॅसेज'

सॅम्युअल हाइन्सचं 'फ्लाइट्स ऑफ पॅसेज' हे पुस्तक १९८८ साली आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकाच्या आठवणी आहेत म्हणून पहिल्या पन्नास पानांत तोफा धडाडतील, अशा अपेक्षेनं कुणी ते हातात घेतलं तर त्याची निराशाच होते. या पुस्तकात युद्ध यायला फार वेळ लागतो. १९४३च्या वसंतात अठरा वर्षांचा एक मुलगा मिनिआपोलिस सोडून नौदलाच्या वैमानिक-प्रशिक्षणाला जातो. तिथून पुढची जवळपास दोन वर्षं तो नुसता शिकत असतो. टेक्सस, जॉर्जिया, टेनेसी, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया. आधी पायपर कबसारखं खेळण्यातलं वाटावं असं विमान, मग पिवळ्या रंगाचं दुपंखी स्टीअरमन, मग आणखी मोठं, आणखी जड. जपानी माणूस दिसण्याआधी आपल्याला बराका, प्रशिक्षक, बार, मुली, रेल्वे स्टेशनं आणि अपघात दिसतात. पुस्तकाचा मोठा भाग यातच जातो.

हे लेखकाचं वाहवत जाणं नाही. पॅसिफिक महासागरावर प्रत्यक्ष लढायला तो १९४५ साली पोचला आणि ऑगस्टमध्ये युद्ध संपलं. त्याच्या वाट्याला आलेलं युद्ध खरोखरच एवढं होतं: शिकण्यात दोन वर्षं आणि लढण्यात काही महिने. बहुतेक युद्धकथा हे प्रमाण उलटं करून सांगतात. प्रशिक्षणाचे दोन विनोदी प्रसंग आणि थेट रणांगण. हाइन्सनं ते प्रमाण तसंच ठेवलं. माझ्या मते पुस्तकाचा पहिला मोठा निर्णय हाच, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा.

शीर्षकातला श्लेष इंग्रजीत सहज कळतो. 'राइट्स ऑफ पॅसेज' म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेणारे संस्कार. हा शब्द मानववंशशास्त्रात व्हॅन गेनेपनं १९०९ साली रूढ केला. माणसाला आधी घरापासून वेगळं काढायचं, मग काही काळ अधांतरी ठेवायचं, आणि शेवटी नव्या रूपात परत समाजात घ्यायचं, अशा तीन पायऱ्या त्यानं सांगितल्या. मराठी वाचकाला यासाठी व्हॅन गेनेपची गरज नाही. ज्या घरांत मुंजी होतात तिथे हा प्रकार जेवणावळीसकट ठाऊक असतो. केस कापतात, आईच्या पानात बसून शेवटचं मातृभोजन होतं, अंतरपाट दूर होतो, हातात दंड येतो, भिक्षावळ होते. हाइन्सच्या पुस्तकात हे सगळं आहे. केस कापले जातात, नवे कपडे मिळतात, नवी भाषा मिळते, एकट्यानं पहिलं उड्डाण करायची परीक्षा येते. शेवटी पेन्साकोलाला छातीवर सोनेरी पंख लागतात. या पंखांचं एक वैशिष्ट्य आहे. हाइन्स पुढे मरीन कोअरमध्ये गेला, पण मरीनचे वैमानिक शिकतात ते नौदलाच्याच शाळेत आणि पंखही नौदलाचेच लावतात. म्हणून त्याचं पुढचं सगळं युद्ध जमिनीवरच्या धावपट्टीवरून झालं तरी तो नौदलाच्या वैमानिकांच्याच गोत्रातला.

मुंजीला एक चौथा भाग असतो, जो आपण हल्ली त्याच मांडवात दहा मिनिटांत उरकतो. सोडमुंज. गुरुगृहातून परत यायचं, मेखला सोडायची, संसाराला लागायचं. या भागाकडे मला पुढे यायचं आहे.

शिकण्याच्या काळातली मरणं हाइन्स ज्या पद्धतीनं लिहितो ती थांबून वाचण्यासारखी आहे. प्रशिक्षणात मुलं मरत होती, आणि त्यात नवल असं काही नव्हतं. पेन्साकोलाच्या परिसरातल्या बॅरिन फील्ड या तळाला मुलांनी 'ब्लडी बॅरिन' असं नाव ठेवलं होतं, यावरून अंदाज यावा. विमान वळवताना वेग कमी पडला, गिरकी घेतली, समोरच्याचा अंदाज चुकला. एवढ्यावर एकोणीस वर्षांचा मुलगा जायचा, शत्रूनं एकही गोळी न झाडता. हाइन्स या मरणांवर आवाज चढवत नाही. कॉट रिकामी होते, सामान बांधलं जातं, संध्याकाळी बाकीचे पुन्हा बाहेर पडतात. त्या वयात मरण दुसऱ्याला येतं अशी पक्की खात्री असते. ही खात्री मूर्खपणाची आहे हे साठी ओलांडलेल्या लेखकाला कळतं, पण तो त्या मुलाच्या तोंडून ते वदवून घेत नाही.

इथे लेखकाबद्दल थोडं सांगायला हवं. हाइन्स हा युद्धावरून परतलेला आणि मग निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलेला हौशी लेखक नव्हे. तो इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक होता: स्वार्थमोर, नॉर्थवेस्टर्न आणि शेवटी प्रिन्स्टन. ऑडनच्या पिढीवरचा त्याचा 'द ऑडन जनरेशन' (१९७६) हा ग्रंथ त्या विषयावर अजूनही वाचला जातो. पहिल्या महायुद्धाची एक 'मिथ' इंग्रजी साहित्यानं कशी घडवली यावर त्यानं १९९० साली 'अ वॉर इमॅजिन्ड' लिहिलं. भोळ्या तरुणांना म्हाताऱ्यांनी खंदकात ढकललं, तिथे त्यांचा भ्रमनिरास झाला, ही गोष्ट आपल्याला इतकी पाठ आहे की तिला कुणीतरी आकार दिला हेच आपण विसरतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे युद्धकथेचे साचे या माणसाला आतूनबाहेरून माहीत होते. त्यातला एखादा साचा उचलून स्वतःची गोष्ट त्यात ओतणं त्याला सहज जमलं असतं. 'मी भोळा होतो, मग माझे डोळे उघडले' हा तर तयारच होता.

तो त्यानं वापरला नाही. त्याचा समकालीन पॉल फसेल याच्याशी तुलना केली की हे जास्त कळतं. फसेल फ्रान्समध्ये पायदळात लेफ्टनंट होता, जखमी झाला, पुढे तोही इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि त्यानंही युद्ध आणि साहित्य यांवर लिहिलं. फसेलच्या गद्यात आयुष्यभराचा संताप आहे. सरकारी भाषा, देशभक्तीचं गुळमट लेखन, 'चांगलं युद्ध' ही कल्पना, यांवर तो तुटून पडतो. हाइन्स रागावत नाही. त्याला उडायला आवडलं होतं, मित्र आवडले होते, आपण काही तरी अवघड गोष्ट नीट करतो आहोत ही भावना आवडली होती. ते तो सरळ लिहितो. युद्धात मजा आली असं म्हणणं हे युद्ध भयंकर होतं असं म्हणण्यापेक्षा कितीतरी जोखमीचं आहे, कारण दुसऱ्या वाक्याला कुणी हरकत घेत नाही.

आपल्याकडे तर दोनच साचे आहेत. एक शौर्यगाथेचा, जो पंधरा ऑगस्टच्या पुरवणीत येतो. दुसरा करुणेचा: वीरपत्नी, वीरमाता, तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी. या दोन्हींत तो विशीतला मुलगा कुठेच नसतो. असतो तो एक तर पुतळा किंवा फोटो. माझा भाचा सध्या एनडीएच्या प्रवेशपरीक्षेच्या मागे आहे. त्याच्या टेबलावर पुस्तकांची जी चळत आहे तीत एकाही पुस्तकात असं लिहिलेलं नाही, की प्रशिक्षणात कंटाळा येतो, भीती वाटते, पोरीबाळींचे विचार डोक्यात असतात, दारू चढते, आणि या सगळ्याच्या मधोमध एखाद्या सकाळी ढगांच्या वर गेल्यावर असं काही दिसतं की माणूस जन्मभर विसरत नाही. हाइन्सच्या पुस्तकात ते आहे. मित्राच्या बहिणीशी त्यानं १९४४ साली लग्न केलं, तेव्हा तो विशीला टेकत होता. ते लग्नही त्याच सुरात येतं. सगळं घाईत, सगळं पहिल्यांदा.

उड्डाणाची वर्णनं हा या पुस्तकाचा सर्वांत चांगला भाग. तिथे विशेषणं कमी आहेत. विमान हातात कसं वागतं, इंजिनाचा आवाज बदलला की पोटात काय होतं, रचनेत उडताना शेजारच्याच्या पंखाकडे सतत पाहत राहिल्यानं बाकीचं जग कसं नाहीसं होतं, हे तो एखाद्या चांगल्या सुताराला रंध्याबद्दल बोलायला लावावं तसं सांगतो. पण याच भागात मला पुस्तकाची अडचणही दिसते. वरून सगळंच सुंदर दिसतं.

हाइन्स जे विमान चालवत होता त्याचं नाव ॲव्हेंजर, मरीनच्या नोंदीत टीबीएम. आखणी ग्रमन कंपनीची, पण हा प्रकार बनवला जनरल मोटर्सनं. पंख दुमडणारं, अवजड, तीन माणसांचं विमान: पुढे वैमानिक, पाठीमागे काचेच्या घुमटात बंदूकवाला, आणि खाली पोटात रेडिओवाला. मुळात हे जहाजांवर टॉर्पेडो सोडण्यासाठी केलेलं. पण हाइन्सची तुकडी ओकिनावावर आली त्या वसंतात टॉर्पेडो मारण्याजोगं जपानी आरमार जवळजवळ उरलंच नव्हतं. यामातो ही त्यांची अजस्र युद्धनौका ७ एप्रिल १९४५ रोजी बुडाली होती. मग हे टॉर्पेडोवाले पाणबुड्यांच्या शोधात समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालत, लहान बेटांवरच्या धावपट्ट्यांवर बाँब टाकत, ओकिनावावरच आपल्या पायदळाच्या पुढ्यात मारा करत. मे महिन्यात पावसानं बेटाचा चिखल केला, ट्रक रुतले, तेव्हा तर त्यांनी पॅराशूटनं खोकी टाकली: पाणी, अन्न, दारूगोळा. जहाजं बुडवायला दोन वर्षं शिकलेला मुलगा शेवटी हवेतून शिधा टाकतो. पुढे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदकही त्याला मिळालं. त्या काळात ही पदकं पुष्कळदा मोहिमांच्या आकड्यावर मोजून दिली जात.

ती खोकी जिथे पडत होती तिथे खाली यूजीन स्लेज होता. त्याच मरीन कोअरमधला, हाइन्सपेक्षा एका वर्षानं मोठा, अलाबामातल्या मोबिलचा. अधिकारी होण्याची संधी असताना मुद्दाम नापास होऊन साधा शिपाई झालेला. त्याचं 'विथ द ओल्ड ब्रीड' हे पुस्तक १९८१ साली आलं. पेलेलू आणि ओकिनावा या दोन लढायांत तो मॉर्टर चालवत होता, आणि खिशातल्या नव्या कराराच्या पानांमध्ये चोरून टिपणं ठेवत होता. ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली तर एकच बेट दोन वेगवेगळ्या ग्रहांवर असल्यासारखं वाटतं. स्लेजच्या मे महिन्यात शूरीसमोरच्या उतारावर प्रेतं कुजत पडलेली आहेत, ती पुरायला कुणी बाहेर पडू शकत नाही, पाऊस थांबत नाही, आणि चिखलात घसरलेला माणूस उठतो तेव्हा त्याच्या अंगावर किडे असतात. हाइन्सच्या मे महिन्यात तोच उतार विमानाच्या पंखाखालून काही सेकंदांत निघून जातो. संध्याकाळी तो तंबूत परत येतो. अंथरूण कोरडं असतं, बाटली असते, मित्र असतात.

हाइन्स यात काही खोटं बोलत नाही. वैमानिकाचं युद्ध असंच असतं. त्यानं न पाहिलेलं त्यानं लिहायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. पण हा जो पंख आणि उतार यांमधला अंतराय आहे, त्याची टोचणी पुस्तकाला किती आहे? मला ती कमी वाटते. तरुण हाइन्सला ती नव्हती हे पटतं. पण वयस्क हाइन्स त्या तरुणाला एकटं सोडून इतका मागे सरकतो की भोळेपणा ही तेव्हाची अवस्था न राहता आताची युक्ती होऊ लागते. मुलाला कळत नव्हतं, म्हणून मीही सांगणार नाही, हा करार प्रशिक्षणाच्या भागात उत्तम चालतो. ओकिनावावर तो ताणला जातो.

ओकिनावाची लढाई १ एप्रिलला सुरू झाली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालली. बारा हजारांवर अमेरिकन मेले, त्यात नौदलाचेच पाच हजारांच्या जवळपास. बेटावरचे रहिवासी मात्र लाखाच्या आसपास मेले. काही अंदाज याहून मोठे आहेत. म्हणजे साधारण चार माणसांमागे एक. मुलींच्या शाळांमधून उचलून लष्करी इस्पितळांत कामाला लावलेल्या 'हिमेयुरी' मुली आणि त्यांचे शिक्षक मिळून २४० होते, त्यातले १३६ मेले. इस्पितळं गुहांमध्ये होती, आणि कुठल्या गुहेत सैनिक आहेत नि कुठल्या गुहेत शाळकरी मुली, हे वरून दिसत नाही. मी हे आकडे हाइन्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला देत नाही. हे पुस्तक वाचताना माझ्या मनात ते चालू होते आणि पुस्तक त्यांना उत्तर देत नव्हतं, एवढंच.

आणखी एक जागा रिकामी आहे, तिच्याकडे लक्ष सहजासहजी जात नाही. पुस्तकातला 'आम्ही' फार प्रेमळ आहे. सगळ्या थरांतली, सगळ्या राज्यांतली मुलं एकत्र आली, एकमेकांची बोली शिकली. मिनेसोटाचा मुलगा अलाबामाचा जावई झाला. पण या 'आम्ही'त कृष्णवर्णीय मुलगा असणं शक्यच नव्हतं. अमेरिकी नौदलानं प्रशिक्षण पूर्ण केलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय वैमानिकाला, जेसी ब्राउनला, पंख दिले ते १९४८ साली, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर. (दोन वर्षांनी कोरियात त्याचं विमान पडलं आणि तो गेला.) आपल्याकडे मुंज कुणाची होते आणि कुणाची होत नाही, याचा विचार केल्याशिवाय मुंजीबद्दल लिहिता येत नाही. हाइन्सचा संस्कारही सगळ्यांसाठी खुला नव्हता.

आता समुद्राच्या पलीकडे. १९४३च्या शरदात जपाननं विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मिळणारी लष्करी सेवेची सूट काढून घेतली. २१ ऑक्टोबरला तोक्योत, मेइजी जिंगूच्या बाहेरच्या मैदानात, भर पावसात विद्यार्थ्यांचं निरोपाचं संचलन झालं. हाइन्स तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत उडायला शिकत होता. या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण नौदलाच्या हवाई दलात गेले. हायाशी इचिझो हा त्यांपैकी एक. जन्म १९२२, फुकुओकाचा, क्योतो विद्यापीठाचा विद्यार्थी, आई ख्रिश्चन, स्वतःही ख्रिश्चन. १२ एप्रिल १९४५ रोजी आत्मघातकी मोहिमेवर ओकिनावाच्या दिशेनं उडाला आणि मेला. विमानात त्यानं बायबल, कीर्केगार्डचं 'द सिकनेस अन्टू डेथ' आणि आईचा फोटो बरोबर घेतला होता. त्याच्यामागोमाग दोन दिवसांनी सासाकी हाचिरो गेला. तोक्यो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, मार्क्स वाचणारा, जुनं जपान कोसळून नवं काही उगवेल अशी आशा धरणारा. दोघंही नौदलाचे वैमानिक, दोघंही हाइन्सपेक्षा दोन वर्षांनी मोठे, आणि पुस्तकं मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलेली.

या मुलांची पत्रं आणि रोजनिश्या 'किके वादात्सुमी नो कोए' या संग्रहातून १९४९ साली जपानी वाचकांसमोर आल्या. एमिको ओनुकी-टिअर्नी या अभ्यासिकेचं 'कामिकाझे डायरीज' (२००६) इंग्रजीत आहे, आणि मराठी वाचकानं तिथूनच सुरुवात करावी. त्या रोजनिश्यांमधला तरुण पुतळा नाही आणि माथेफिरूही नाही. त्याला मरायचं नाही. 'स्वेच्छेनं' नाव दिलं म्हणजे काय झालं होतं हे त्याला कळतं: सगळ्यांच्या देखत, सगळ्यांबरोबर, नाही म्हणण्याची सोय नसताना हो म्हणणं. हायाशीला आईची आठवण येते ती लहान मुलाला यावी तशी. वाचताना मला मातृभोजनाचं ताट आठवलं, आणि पुढची काही पानं नीट वाचता आली नाहीत.

या मुलांच्या शब्दांनाही साचा सुटलेला नाही. १९४९च्या संग्रहातून कट्टर राष्ट्रवादी सुरातली पत्रं गाळली होती, आणि हे प्रस्तावनेत वातानाबे काझुओनं मान्य केलं होतं. त्याला स्वतःला ती घ्यावीशी वाटत होती. युद्धानंतरच्या जपानला शांततावादी मृत हवे होते, तसे निवडून घेतले गेले. हाइन्सनं स्वतःला निवडलं, ही मुलं इतरांकडून निवडली गेली. आठवणी लिहायला चाळीस वर्षं मिळणं ही जिंकलेल्या आणि वाचलेल्या माणसाची चैन आहे. हायाशीच्या लेखनात वयस्क आवाज नाही, कारण तो वयस्क झालाच नाही. हाइन्सनं वयस्क आवाज हौसेनं दडवला. दोन्ही पुस्तकांत आपल्याला विशीतलाच मुलगा भेटतो, पण दोन्हींचं विशीतलं असणं एक नव्हे.

'फ्लाइट्स ऑफ पॅसेज'नंतर नऊ वर्षांनी हाइन्सनं 'द सोल्जर्स टेल' लिहिलं. विसाव्या शतकातल्या सैनिकांच्या आठवणींवरचं हे समीक्षेचं पुस्तक आहे, आणि माझ्या दृष्टीनं ती त्याची सोडमुंज. सैनिकाच्या गोष्टीत इतिहास शोधू नका, असं तो तिथे सांगतो. तिच्यात तारखा नसतात, नकाशा नसतो, व्यूह नसतो. असते ती एका माणसाला दिसलेली विचित्र दुनिया आणि त्या दुनियेनं त्याच्यात केलेला बदल. हवाई युद्धाला जुन्या शौर्याची झिलई जास्त काळ का टिकली हेही तो पाहतो. स्लेजला तो मोठं स्थान देतो. म्हणजे चिखलातला माणूस अखेर वैमानिकाच्या पुस्तकात येतो. पुस्तकाच्या शेवटी तर तो अशा लोकांकडे वळतो ज्यांच्या हातात काहीच नव्हतं: युद्धकैदी, छळछावण्यांतले ज्यू, हिरोशिमातली माणसं. पहिल्या पुस्तकात ज्यांना जागा नव्हती त्यांना तो इथे जागा करून देतो, कसलाही गाजावाजा न करता.

तरी एक गोष्ट मला खटकते. करणारे आणि सोसणारे असे दोन वर्ग तो मानतो. सैनिक करतो, म्हणून त्याला गोष्ट असते. बळी सोसतो, त्याची गोष्ट वेगळ्या प्रकारची. ओकिनावाच्या समुद्रावर ही रेघ पुसली जाते. हायाशी इचिझो शत्रूच्या जहाजावर बाँबसकट आदळायला निघाला होता, म्हणजे तो करणारा. त्याच्या विमानात परतीचा विचार केलेलाच नव्हता, म्हणजे तो सोसणारा. त्याला कुठल्या प्रकरणात घालणार? हाइन्सनं ॲव्हेंजरमधून ज्या आकाशाकडे डोळ्यात तेल घालून पाहिलं असेल, त्याच आकाशातून हा मुलगा येत होता. दोघांच्या मांडीवर नौदलाचेच नकाशे. या प्रश्नाला 'द सोल्जर्स टेल'ची मांडणी पुरत नाही, आणि ते पुस्तक चांगलं असल्यामुळेच ते न पुरणं ठळक दिसतं.

मराठीत दुसरं महायुद्ध आपण बहुतेक वरूनच वाचलं. वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'नं दोन-तीन पिढ्यांना हिटलर समजावला. तिथे नेते आहेत, सैन्यं आहेत, राजधान्या आहेत. युद्ध एका तरुणाच्या अंगावर येतं ते विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये, आणि तेही युद्ध सुरू होण्यापूर्वीच्या बोटीवर. १९३९ साली आलेल्या त्या छोट्या कादंबरीत बंदूक झाडली जात नाही. पुढे आपलं स्वतःचं नौदलाचं हवाई युद्ध झालं. ४ डिसेंबर १९७१ रोजी 'विक्रांत'वरून सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी कॉक्स बझारवर आणि मग चितगावावर हल्ला केला. ही 'विक्रांत'सुद्धा हाइन्सच्याच युद्धाची: १९४३ साली इंग्लंडात 'हर्क्युलीस' म्हणून बांधायला घेतलेली आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवट राहिलेली. भारतानं ती विकत घेऊन पूर्ण करवून घेतली. पुढे काही वर्षं मुंबईत तिचं संग्रहालय होतं, नंतर तोडली, आणि तिचं लोखंड वापरून मोटरसायकल निघाली तेव्हा जाहिरातीत देशभक्ती ओसंडून वाहत होती. गोव्यात दाबोळीच्या संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे उघड्यावर उभी आहेत. मुलं त्यांच्यासमोर सेल्फी काढतात. त्या विमानांत बसणारी मुलं १९७१ साली पंचविशीच्या आगेमागे होती, आज ती ऐंशीला टेकली आहेत. सन्मान समारंभात त्यांना शाल आणि श्रीफळ मिळतं आणि पाच मिनिटं बोलायला मिळतात. पहिल्यांदा जहाजाच्या डुलत्या डेकवर उतरताना पोटात काय झालं होतं, चितगावावर खाली काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे पाच मिनिटांत सांगायचं नसतं. हाइन्सला त्यासाठी चाळीस वर्षं आणि एक अख्खं पुस्तक लागलं, आणि मग दुसरं.

पुढेही तो याच विषयाकडे येत राहिला. २००७च्या केन बर्न्सच्या 'द वॉर' या माहितीपटात तो दिसतो: पांढऱ्या केसांचा, शब्द जपून वापरणारा. स्लेज २००१ सालीच गेला होता, त्यामुळे त्याच मालिकेत त्याचे शब्द एक नट वाचतो. २०१४ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, हाइन्सनं 'द अनसब्स्टॅन्शियल एअर' प्रसिद्ध केलं. पहिल्या महायुद्धात उडायला गेलेल्या अमेरिकन मुलांवरचं हे पुस्तक आहे, आणि ते त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांवरून व रोजनिश्यांवरून रचलेलं आहे. यात त्यानं स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या मुलांची पत्रं लावली: कोण कुठल्या कॉलेजातून आला, कुणाला पहिलं उड्डाण जमलं नाही, कुणी पॅरिसमध्ये पैसे उडवले, कुणी आईला काय कळवलं आणि काय लपवलं. त्यांतली काहींची पत्रं मध्येच थांबतात, आणि हाइन्स पुढच्या मुलाच्या पत्रांकडे वळतो.